आवाज येतोय, चित्र नाही

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. मी त्यांचा विद्यार्थी, त्यामुळं कॉम्प्युटर अडला की पहिली हाक मला. गेल्या पावसाळ्यात गावातल्या एका संस्थेनं आपल्या व्याख्यानमालेचे व्हिडिओ स्वतःच्या संकेतस्थळावर टाकले आणि दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन आला. "अरे, आवाज येतोय, माणूस दिसत नाही. रेडिओच ऐकायचा तर तो माझ्या उशाशी आहे की." जाऊन बघतो तर खरंच. पडदा काळाकुट्ट, खाली वेळेची पट्टी सरकतेय, वक्ता रंगात आलाय, मधूनच टाळ्या पडतायत. लॅपटॉप मुलानं दिलेला, बारा-तेरा वर्षांचा, पण धडधाकट. त्याच खोलीत नातवाच्या आयफोनवर तोच व्हिडिओ लख्ख दिसत होता. अशा तक्रारी वाढल्या तेव्हा संस्थेनं त्या पानावर एक सूचना चिकटवली: व्हिडिओ दिसत नसल्यास आपला ब्राऊझर अद्ययावत करावा किंवा क्रोम वापरावा. बाई क्रोमच वापरत होत्या. तोही अद्ययावत.

या सूचनेवरून राजारामपुरीतल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर जी जुंपली ती ऐकून हा लेख लिहायला बसलोय. आयफोनवाल्यांचं म्हणणं, स्वस्तातलं यंत्र घेतलं की असंच होणार. अँड्रॉइडवाल्यांचं म्हणणं, ॲपलच मुद्दाम वेगळी चूल मांडतं. एक जण लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या खुल्या सिस्टिमचा, भक्त. त्याच्या मते हे दोघंही गुलाम. मग ॲपलचा सफारी चांगला की क्रोम, फायरफॉक्स कशात मागं पडतो, एज म्हणजे आतून क्रोमच की आणखी काही, यात तासभर गेला. कुस्तीत निदान कोण चितपट झालं ते तरी कळतं. माझं मत मी तिथंही मांडलं, कुणी ऐकलं नाही, म्हणून इथं लिहितो. व्हिडिओ कुठल्या ब्राऊझरात चांगला चालतो, ही तुलना पाहणाऱ्यानं करायचीच नाही. सगळ्या लोकांसाठी म्हणून जो व्हिडिओ टाकला जातो, तो सगळ्यांच्या यंत्रांवर दिसेल हे बघायचं काम टाकणाऱ्याचं आहे. संस्था असो, महापालिका असो, विद्यापीठ असो. त्यासाठी बाईंना लॅपटॉप, ब्राऊझर किंवा नातू, यातलं काहीही बदलायला सांगायचा अधिकार कुणाला नाही.

मी लग्नं, बारशी आणि कुस्तीची मैदानं यांचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो. व्हीएचएसच्या कॅसेटी बघितल्यात, त्यामुळं हा रोग मला नवा नाही. बाईंच्या लॅपटॉपवर काय झालं होतं ते आधी सांगतो, कारण कट्ट्यावर त्याचा उल्लेखही झाला नाही. व्याख्यान कुणीतरी आयफोनवर शूट केलं होतं. २०१७ पासून, म्हणजे आयफोनची आयओएस ११ ही सिस्टिम आल्यापासून, नवे आयफोन आपणहून एचईव्हीसी या पद्धतीनं व्हिडिओ दाबून, लहान करून साठवतात. फाईलच्या नावापुढं एमओव्ही किंवा एमपी४ लिहिलेलं असतं, आणि तिथंच माणूस फसतो. ही डब्यांची नावं आहेत. आत भाकरी आहे की पुरणपोळी, ते डबा उघडल्यावर कळतं. या डब्यात आवाज एएसी पद्धतीचा होता, तो जगातला जवळपास प्रत्येक ब्राऊझर वाजवतो. चित्र एचईव्हीसीचं होतं, ते बाईंच्या लॅपटॉपला उलगडता आलं नाही. म्हणून आवाज आला आणि चित्र आलं नाही. क्रोमनं २०२२ च्या ऑक्टोबरात एचईव्हीसी चालवायला सुरुवात केली, पण अट घालून: यंत्राच्या चिपमध्येच ते उलगडायची सोय हवी. बारा वर्षांपूर्वीच्या चिपमध्ये ती कुठून असणार? बाईंनी शंभर वेळा क्रोम अद्ययावत केला असता तरी पडदा काळाच राहिला असता. संस्थेची सूचना निरुपयोगी तर होतीच, वर चुकीचीही होती. आणि बाईंनी मात्र दोन दिवस "माझंच काहीतरी चुकत असणार" असं धरून काढले.

आता हे एका यंत्रावर चालतं, दुसऱ्यावर नाही, याचं कारण अभियंत्यांना जमत नाही असं आहे का? अजिबात नाही. व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर तीच फाईल बाईंच्या त्याच लॅपटॉपवर चालवतो. थोडा दमतो, पंखा घोंघावतो, पण चालवतो. म्हणजे ज्ञान आहे, यंत्रात जीवही आहे. अडतं ते परवान्यापाशी. एचईव्हीसी २०१३ साली ठरलं आणि त्याच्या पेटंटधारकांचे एक सोडून तीन गट वसुलीला उभे राहिले. मायक्रोसॉफ्टनं विंडोजवर त्याचं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्रॅम, ०.९९ डॉलरला विकायला ठेवलं. फायरफॉक्सनं विंडोजवर ते चालवायला २०२५ उजाडलं. फेडोरा या लिनक्सनं तर २०२२ मध्ये पेटंटच्या भीतीनं एचईव्हीसीच काय, एच.२६४ या त्याच्या आधीच्या, सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीची चिपवरची सोयही काढून टाकली. ॲपलकडं चिप, फोन, सिस्टिम आणि ब्राऊझर चारही घरचे. त्यांना परवान्याचा एकच हिशेब चुकवायचा असतो, म्हणून नातवाचा फोन लख्ख. आपण ज्याला "सफारी भारी आहे" म्हणतो ते बऱ्याचदा कुणी कुणाचे पैसे भरले याचं उत्तर असतं. उलट दिशेनं बघा. यूट्यूबनं फोर-के चित्र गुगलच्या व्हीपी९ पद्धतीत द्यायला सुरुवात केली, ॲपलनं ती पद्धत घेतली नाही, आणि लाख-दीड लाखाच्या मॅकवर सफारीत यूट्यूबचं फोर-के २०२० पर्यंत दिसत नव्हतं. तेव्हा "स्वस्तातलं यंत्र" कुठलं होतं?

ही भांडणं सुरू झाली त्याला आता दोन दशकं होत आली. २००७ साली ऑपेरा या ब्राऊझर कंपनीनं सुचवलं की वेब पानात चित्र टाकायला जसा एक साधा टॅग, म्हणजे कोडमधली खूण, आहे तसाच व्हिडिओलाही असावा. त्याआधी रिअलप्लेअर, विंडोज मीडिया, क्विकटाइम आणि फ्लॅश यांचे प्लग-इन टाकता टाकता आपली तारुण्यं गेली. टॅग ठरला. पण टॅगच्या आत कुठली पद्धत चालेल हे लिहायची वेळ आली तेव्हा सगळे अडून बसले. ऑग थिओरा नावाची मुक्त पद्धत वेब पानांच्या नियमांच्या मसुद्यात होती, ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात काढली गेली. ॲपलला थिओरा नको, फायरफॉक्सवाल्या मोझिलाला आणि ऑपेराला एच.२६४ चा परवाना नको, मायक्रोसॉफ्ट गप्प. २००९ मध्ये मसुद्याचे संपादक इयन हिक्सन यांनी जाहीरपणे हात टेकले: सगळ्यांना मान्य होईल अशी एकही पद्धत नाही, म्हणून कुठलीच लिहीत नाही. बाईंच्या काळ्या पडद्याची मुळं त्या रिकाम्या सोडलेल्या ओळीत आहेत.

कोल्हापूरच्या माणसाला या गोष्टीचं नवल वाटू नये, कारण आपण सिनेमावाल्यांच्या गावात राहतो. १९०८ च्या डिसेंबरात अमेरिकेत एडिसन आणि इतरांनी पेटंटांची मोट बांधून एक कंपनी काढली. कॅमेरा आमचा, प्रोजेक्टर आमचा, कच्च्या फिल्मसाठीही आमच्याशीच बोला, असा कारभार. १९१५ मध्ये तिथल्या न्यायालयानं ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. नंतर तीनच वर्षांनी, १९१८ च्या सुमारास, आपल्या बाबूराव पेंटरांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून स्वतःचा कॅमेरा तयार केला. लेथवर भाग घासत, बघून बघून, चुकत चुकत. ती कथा आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवी. पण त्यातली एक बाब निसटते. कॅमेरा घरचा असला तरी त्यात जायची फिल्म ३५ मिलिमीटरची होती. तिची रुंदी, तिच्या कडेची भोकं, हे सगळं १९०९ मध्ये पॅरिसला जमलेल्या चित्रपटवाल्यांनी मान्य केलेलं. म्हणून कोल्हापुरात घरी केलेल्या यंत्रातून निघालेला चित्रपट पुण्या-मुंबईच्या कुठल्याही थेटरात लागू शकला. बाबूरावांनी फिल्मही स्वतःच्या मापाची काढली असती तर त्यांचा चित्रपट बघायला प्रेक्षकांना कोल्हापूरचा प्रोजेक्टर विकत घ्यावा लागला असता. यंत्रांत स्पर्धा असू द्या, फिल्मच्या भोकांत नको.

यावर जो सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो मला मान्य आहे. एकच माप ठरवलं की प्रगती थांबते. २००९ मध्ये थिओरा सक्तीची झाली असती तर आज आपण कदाचित धुरकट चित्र बघत बसलो असतो. भांडणानंच गोष्टी पुढं गेल्या, हे नाकारता येत नाही. २०१० च्या मे महिन्यात गुगलनं विकत घेतलेली व्हीपी८ पद्धत सगळ्यांना मोफत खुली केली, आणि त्याच ऑगस्टात एच.२६४ च्या पेटंटवाल्यांनी जाहीर केलं की इंटरनेटवर लोकांना मोफत दाखवायच्या व्हिडिओवर कधीच रॉयल्टी घेणार नाही. हा उदारपणा त्यांना अचानक सुचला असं कोण मानेल? पुढं एचईव्हीसीच्या वसुलीला कंटाळून २०१५ मध्ये गुगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स अशी एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी मंडळी एका आघाडीत आली, मागून ॲपलही आलं, आणि २०१८ मध्ये एव्ही१ बाहेर पडलं. स्पर्धेचं फळ म्हणून याहून चांगलं उदाहरण मलाही सापडत नाही.

पण स्पर्धा आणि किमान पायरी यांचं वैर आहे हे गृहीतक कुठून आलं? बोलपट आले तेव्हा फिल्मवर आवाज छापायच्या दोन पद्धती होत्या. एकीत आवाजाप्रमाणं पट्टीची छटा गडद-फिकी व्हायची, दुसरीत पट्टी रुंद-अरुंद व्हायची. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी तंत्रं, जोरदार चढाओढ. पण पट्टी फिल्मच्या कोणत्या कडेला असेल आणि सेकंदाला २४ चौकटी धावतील हे दोघांनी पाळलं, त्यामुळं थेटरातला तोच दिवा आणि तोच प्रकाशाचा डोळा दोन्ही आवाज वाजवायचा. आवाज वेगळ्या तबकडीवर देणारी तिसरी पद्धत होती, तिला वेगळं यंत्र लागायचं, ती चार-पाच वर्षांत संपली. १९३२ मध्ये प्रभातनं कोल्हापुरात पहिला मराठी बोलपट केला तेव्हा गावोगावच्या थेटरवाल्यांना "आमच्या चित्रपटासाठी अमुक कंपनीचाच प्रोजेक्टर वापरा" अशी पाटी लावावी लागली नाही. वेबवरही हीच सोय आहे. व्हिडिओच्या टॅगमध्ये एकाखाली एक अनेक फाईली देता येतात. ब्राऊझर वरून खाली बघत येतो आणि जी पहिली जमते ती उचलतो. वर एव्ही१ ठेवा, खाली एच.२६४ ठेवा. नव्या यंत्राला नवं, जुन्याला जुनं, उपाशी कुणीच नाही. किमान पायरी ठरवली म्हणून वरच्या पायऱ्या कुणी काढून नेत नाही.

दुसरा आक्षेप डेटाचा. नव्या पद्धतीत तोच व्हिडिओ निम्म्या जागेत बसतो, लोकांचा दिवसाचा पॅक दीड-दोन जीबीचा, मग २००३ सालचं एच.२६४ कशाला कवटाळून बसायचं? युक्तिवाद ऐकायला पटतो. म्हणून मी त्या व्याख्यानाची मूळ फाईल मागून घेतली. दीड तासाचं व्याख्यान, फाईल पाच जीबीच्या वर. फोनमधून काढली तशीच उचलून संकेतस्थळावर ठेवलेली. म्हणजे डेटा वाचवणारी पद्धत वापरून तीन-चार दिवसांचा पॅक एका व्याख्यानात संपवायची सोय केली होती! मी ती हँडब्रेक नावाच्या, फाईलची पद्धत बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. व्याख्यान म्हणजे काय, एक माणूस, एक पोडियम, मागं फलक. ४८० रेषांचं चित्र, एच.२६४, आवाज साधा. फाईल झाली पाचशे एमबीच्या आसपास, मूळच्या दहावा हिस्सा, आणि वक्त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. आणखी एक छोटी खूण करायची असते, फाईलची अनुक्रमणिका शेवटी न ठेवता सुरुवातीला आणायची, नाहीतर काही वेळा व्हिडिओ सुरू व्हायलाच मिनिट जातं. हँडब्रेकमध्ये "वेब ऑप्टिमाइज्ड" असं लिहिलेला चौकोन आहे, त्यावर टिक केली की झालं. डेटा वाचतो तो मुख्यतः अशा समजुतीनं, कोडेकच्या, म्हणजे दाबायच्या पद्धतीच्या, नावानं नंतर.

आणि निम्म्या जागेचा हिशेब मांडताना बॅटरीचं नाव कुणी काढत नाही. एव्ही१ उलगडायला चिपमध्ये सोय नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. ॲपलनं ती सोय २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो आणि एम३ चिपपासून दिली, आणि सफारी तर चिपमध्ये सोय असेल तरच एव्ही१ दाखवतो. आठ-दहा हजारांचा फोन घेऊन शाहूवाडीहून येणाऱ्या पोरानं तासभराचं व्याख्यान एव्ही१ मध्ये बघितलं तर डेटा वाचेल, पण फोन खिशात भाजेल. त्याला दोन्ही पर्याय द्या.

तिसरा आक्षेप आमच्या लिनक्सवाल्या मित्राचा, आणि तो तत्त्वाचा आहे. त्याचं म्हणणं, तू ज्याला किमान पायरी म्हणतोस ते एच.२६४ स्वतःच पेटंटात बांधलेलं. केंद्र सरकारनं २०१० साली ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं, त्यात रॉयल्टीमुक्त मानकांचा आग्रह आहे. मग सार्वजनिक संस्थेनं केवळ व्हीपी९ किंवा एव्ही१ च का देऊ नये? तत्त्व म्हणून मी त्याच्या बाजूला आहे. पण मोझिलापेक्षा मोठा तत्त्वनिष्ठ या क्षेत्रात कुणी नव्हता, आणि २०१२ मध्ये त्यांनाही सिस्टिममधला एच.२६४ वापरायचा निर्णय घ्यावा लागला, कारण मोबाइलवर त्याशिवाय निभाव लागणार नाही हे त्यांना दिसत होतं. पुढच्या वर्षी सिस्कोनं आपला एच.२६४ चा कोड खुला केला आणि परवान्याची फी आपण भरू असं सांगितलं, तेव्हा कुठं थोडी वाट निघाली. खुद्द गुगलनं २०११ च्या जानेवारीत क्रोममधून एच.२६४ काढणार असं जाहीर केलं होतं. काढलं नाही. आता त्यातल्या बऱ्याच पेटंटांची मुदत संपत आलीय, आणि एव्ही१ तरी पूर्ण निर्वेध आहे का, तर त्यावरही रॉयल्टी मागणारा एक गट उभा आहेच. मित्राला मी एवढंच म्हटलं, तुझं तत्त्व वरच्या पायरीवर ठेव, बाईंच्या डोक्यावर नको.

मग येतो सगळ्यात सोपा उपाय: यूट्यूबवर टाका आणि मोकळे व्हा. खरं सांगायचं तर लग्नवाल्या गिऱ्हाइकांना मीही हेच सांगतो. मात्र यूट्यूब आपल्या घरात काय करतं ते बघा. त्यांच्याकडं स्वतःचं व्हीपी९ आहे, एव्ही१ मध्ये त्यांचा मोठा वाटा आहे, आणि तरीही १०८० रेषांपर्यंतची एच.२६४ ची प्रत ते ठेवतात. जुना टीव्ही, जुना फोन, बाईंचा लॅपटॉप, यांना "ब्राऊझर बदला" असं सहसा म्हणत नाहीत. जगातल्या सगळ्यात मोठ्या दुकानदाराला जे कळतं ते आमच्या संस्थेला का कळू नये? बाकी, सार्वजनिक संस्थेनं आपला एकमेव साठा तिथं ठेवणं मला धोक्याचं वाटतं. व्याख्यानाच्या मध्ये भलत्याच ॲपची जाहिरात येते. मैदानातल्या कुस्तीमागं स्पीकरवर कुठलंतरी गाणं लागलेलं असतं, त्याचा हक्क कुणीतरी सांगतं आणि व्हिडिओचा आवाज जातो. माझ्या दोन मैदानांचा गेलाय. यूट्यूबवर ठेवा, जरूर ठेवा, पण दुसरी प्रत म्हणून. पहिली आपल्याच दारात हवी.

आणि "सगळ्यांनी क्रोमच वापरावा म्हणजे प्रश्नच मिटला" म्हणणाऱ्यांना जुन्या दिवसांची आठवण करून द्यावीशी वाटते. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये, सातवा आला २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जगातले बहुतेक लोक तोच वापरत होते आणि कंपनीला त्यात काही करायची गरजच वाटली नाही. आपल्याकडच्या कितीतरी सरकारी फॉर्मांना डिजिटल सहीसाठी तोच लागायचा. तो २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला तेव्हाही ऑफिसांतून तो उघडण्याच्या क्लृप्त्या शोधल्या जात होत्या. फ्लॅशनं तर व्हिडिओचा प्रश्न खरंच सोडवला होता, हेही मान्य करतो. एक प्लग-इन, विंडोज असो की मॅक, सगळीकडं तेच चित्र. पण किल्ली एका कंपनीच्या खिशात. आयफोननं त्याला दारातच उभं केलं, २०२० च्या ३१ डिसेंबरला तो संपला आणि १२ जानेवारीपासून उघडायचंच थांबला. त्यात तयार केलेले शाळांचे धडे अनेक ठिकाणी आजही सीडीवर मुके पडून आहेत. शिवाय आयफोनवरचा क्रोम हा क्रोम असतो का? युरोपनं २०२४ मध्ये आणि जपाननं २०२५ मध्ये कायद्यानं सूट मिळवली ती सोडली, तर आयफोनवरच्या प्रत्येक ब्राऊझरच्या आत सफारीचंच इंजिन असतं. पाटी क्रोमची, भट्टी सफारीची. गेल्या काही वर्षांत कुस्तीचं थेट प्रक्षेपण देणाऱ्यांची यानंच फजिती व्हायची. व्हिडिओचे तुकडे स्वतः जोडून दाखवायची जी सोय बाकीच्या ब्राऊझरांत होती ती आयफोनवर २०२३ पर्यंत नव्हती. ॲपलच्या एचएलएस पद्धतीनंच प्रक्षेपण द्यावं लागे. खासबागेत हलगी कडाडतेय, मल्ल सलामीला उभे, आणि निम्म्या गावाच्या आयफोनवर गोल फिरणारं चक्र. फोनवाले ओरडायचे, "क्रोम टाकून पण चालंना की!" चालणार कसा?

व्हिडिओची चोरटी प्रत निघू नये म्हणून लावतात त्या डिजिटल कुलुपांविषयी थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. पैसे घेऊन दाखवायच्या चित्रपटाला कुलूप लागतं, हे मी समजू शकतो; प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलवर चोरटी प्रत फिरली की मराठी निर्मात्याच्या पोटात काय होतं ते मी जवळून बघितलंय. २०१७ च्या सप्टेंबरात वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं या कुलुपांसाठीची जोडणी मंजूर केली, आणि डिजिटल हक्कांसाठी लढणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन त्याच दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडली. मुख्य कुलुपं तीन: गुगलचं, मायक्रोसॉफ्टचं, ॲपलचं. तेच मासिक पैसे भरून लिनक्सवर बघणाऱ्याला विंडोजवाल्यापेक्षा बऱ्याचदा हलक्या प्रतीचं चित्र मिळतं, कारण तिथं कुलूप चिपमध्ये नसून वर सॉफ्टवेअरमध्ये असतं. विकणाऱ्यानं ते आधी सांगावं, एवढीच माझी अपेक्षा. पण फुकट व्याख्यानाला, महासभेच्या चित्रीकरणाला, शेतीच्या प्रात्यक्षिकाला कुलूप कशासाठी? गेल्या वर्षी एका ठिकाणी मी तेही बघितलं. व्हिडिओ बघायचा तर आमचंच ॲप घ्या, लॉगिन करा. शेतकऱ्याला उसाच्या खोडव्याचं व्यवस्थापन बघायचं होतं.

शेवटी प्रश्न पैशाचा आणि कष्टाचा राहतो, आणि तो संस्थेच्या चिटणीसांनी मला सरळ विचारला: "आमच्याकडं माणूस कुठाय? एवढ्या फाईली कोण बदलत बसणार?" मला इथं आपली जुनी रेल्वे आठवते. १८९१ मध्ये कोल्हापूरला गाडी आली ती मिरजेहून, मीटर गेजवर. पुढं पुण्यापर्यंत मीटर गेजच, आणि पुण्याहून मुंबईकडं ब्रॉड गेज. कोल्हापूरचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, मुंबईला निघाला की पुण्यात एका डब्यातून उतरायचा आणि दुसऱ्यात चढायचा. हमाली, फूट, खोळंबा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथपर्यंत ब्रॉड गेज येईतो ऐंशी वर्षं हे चाललं. कुठलं गेज श्रेष्ठ यावर तेव्हाही अभियंते भांडले असतील, त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. हमाली कुणी भरली? गूळ लावणाऱ्यानं. आज संस्था एकदा फाईल बदलत नाही, म्हणून हजार पाहणाऱ्यांपैकी प्रत्येक जण स्वतःच्या घरात हमाली करतो: ब्राऊझर टाका, एक्स्टेन्शन घ्या, नातवाला बोलवा. एकानं करायचं काम हजारांवर ढकललं की ते फुकटात झाल्यासारखं वाटतं.

चिटणीसांना मी हिशेब लिहून दिला. दीड तासाचं एक व्याख्यान माझ्या दुकानातल्या साध्या पीसीवर पाऊण तासात बदलून होतं. रात्री फाईली रांगेत लावायच्या, सकाळी तयार. सॉफ्टवेअर फुकट. पुढच्या वर्षी शूट करताना आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन "मोस्ट कम्पॅटिबल" निवडायचं, म्हणजे अर्धं दुखणं तिथंच जातं. मूळ फाईली जपून ठेवायच्या, दहा वर्षांनी पुन्हा लागतील. आणि व्हिडिओखाली ब्राऊझरचं नाव न लिहिता डाऊनलोडची एक लिंक द्यायची.

बाईंना बघायचं होतं ते व्याख्यान मी पेनड्राइव्हवर नेऊन दिलं. त्यांनी ते पूर्ण बघितलं, वक्त्याच्या दोन चुका काढल्या आणि उरलेली सहा व्याख्यानं कधी देतोस म्हणून विचारलं. ती सहा अजून संकेतस्थळावर जशी होती तशीच आहेत.